जुन्या घराला मागे खोली वाढवायची आहे. सल्ला कुणाचा घ्यायचा आणि कागदावर काय काय मागायचं?

बोरीकाठ
गाव अमळनेर, नगरपालिका हद्द, बिनशेती प्लॉट, २०० चौ.मी. घर १९९६ चं, एकमजली. ९ इंची विटांच्या भिंतींवर स्लॅब टेकवलेला, कॉलम नाहीत. जमीन काळी. मागच्या अंगणात आतल्या मापाने १२ बाय १४ फुटांची खोली आणि तिला लागून संडास-बाथरूम काढायचं आहे. पाच-सात वर्षांनी या नव्या भागावर एक मजला चढवता यावा, ही तयारी आत्ताच ठेवायची आहे.

ठेकेदाराने चौरस फुटाचा एकच आकडा दिला आहे. कागदावर मजकूर एवढाच: "चांगल्या कंपनीचं सिमेंट, चांगलं लोखंड, पक्कं काम."

प्रश्न तीन. आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअर की नकाशे पास करून देणारे, यांपैकी कुणाकडे जायचं? नवी भिंत जुन्या भिंतीत गुंतवायची की सुटी ठेवायची? आणि स्पेसिफिकेशन म्हणून नेमकं काय लिहून घ्यायचं?

केळीचा_खांब
"पक्कं काम" लिहून दिलंय ना? मग झालं की. कच्चं काम करतो असं लिहून देणारा ठेकेदार अजून जन्माला यायचाय.

सळई_बारा
पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण बाकीचं त्यातूनच निघतं.

ही तीन वेगळी कामं आहेत. आर्किटेक्ट खोली कुठे, दार कुठे, उजेड-वारा कसा आणि मार्जिन (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) किती सुटतं ते बघतो. "आर्किटेक्ट" हे नाव १९७२ च्या कायद्याप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी असलेल्यालाच लावता येतं, म्हणून नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअर भार, पाया, कॉलम, सळई यांचा हिशेब करतो आणि त्यावर सही करतो. नकाशे पास करून देणारा परवानाधारक इंजिनिअर नगरपालिकेचं काम करून देतो. त्याच्या नकाशात भिंती आणि मापं असतात, सळई नसते. गडबड इथेच होते. तो मंजूर नकाशा मिस्तरीच्या हातात जातो आणि सळई किती टाकायची ते साइटवर तोंडी ठरतं.

एका खोलीसाठी आर्किटेक्ट नसला तरी चालेल, पण तुमच्या कामात स्ट्रक्चरल इंजिनिअर टाळता येणार नाही. कारणं तीन: काळी माती, शेजारी विनाकॉलमचं जुनं घर आणि पुढे चढणारा मजला. त्याच्याकडून मागायची ड्रॉइंग अशी: सेंटरलाइन आणि कॉलमची आखणी, फुटिंगचा (कॉलमखालच्या पसरट पायाचा) तपशील, कॉलम आणि बीमचं शेड्यूल, स्लॅबची सळई, जुन्या-नव्याच्या सांध्याचा मोठा करून काढलेला छेद आणि बार बेंडिंग शेड्यूल (सळयांची लांबी, वाक आणि संख्या यांचा तक्ता). शेवटचं हाती असलं की सळई किती किलो लागणार ते दुकानात जाण्याआधीच कळतं.

फी ठरवताना भेटी मोजून घ्या. कमीत कमी चार: खड्डा खोदून झाल्यावर, फुटिंगची जाळी बांधल्यावर, प्लिंथ (जोत्याच्या) बीमच्या वेळी आणि स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी. आदल्या दिवशीच. भरायच्या सकाळी मिक्सर सुरू असताना कुणी सळई उकलत नाही.

धुळेकर_वीट
एवढं सगळं एका खोलीसाठी? मिस्तरी तीस-तीस वर्षं बांधतात, त्यांच्या खोल्या काय पडल्या? ९ बाय १२ इंचांचे चार कॉलम, चार बाय चार फुटांचं फुटिंग, १२ मिमीच्या सहा सळया. सगळीकडे हेच चालतं.

पांझरा_मुरूम
@धुळेकर_वीट, धुळ्यात चालतं, कारण धुळे-साक्रीकडे बऱ्याच ठिकाणी चार-पाच फुटांवर मुरूम नाहीतर काळा दगड लागतो. त्यावर मिस्तरीचं फुटिंग झाकून जातं. तेच फुटिंग चोपडा, यावल, रावेरच्या तापीच्या गाळात किंवा अमळनेरच्या काळ्या मातीत ठेवलं तर दोन पावसाळ्यांत भिंत बोलायला लागते. माती बदलली की फुटिंग बदलतं, माप पाठ करून चालत नाही.

बोरीकाठ, आधी एक काम करा. नवी खोली येणार तिथे जुन्या भिंतीला लागून ३ बाय ३ फुटांचा एकच खड्डा घ्या. त्यात दोन गोष्टी बघायच्या. पहिली, जुन्या भिंतीचा पाया किती खोल, किती रुंद आणि कशाचा आहे: दगड-चुना, दगड-माती की काँक्रीट. दुसरी, काळी माती कुठे संपते. खड्डा जुन्या पायाच्या तळाखाली नेऊ नका आणि उघडा ठेवून झोपू नका, बघून झालं की त्याच दिवशी दाबून भरा. मुरूम किती खाली आहे ते भिंतीपासून लांब, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला वेगळा खड्डा घेऊन बघा.

माती किती फुगते त्याची चाचणी स्वस्त आहे. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १०-१० ग्रॅम कोरडी माती १०० मिलीच्या दोन नळ्यांत घ्यायची. एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. २४ तास ठेवायचं. पाण्यातलं आकारमान वजा रॉकेलमधलं, भागिले रॉकेलमधलं, गुणिले शंभर. ५० टक्क्यांच्या वर गेलं की साधं फुटिंग काळ्या मातीत ठेवायचा विचार सोडा. अभियांत्रिकी कॉलेज किंवा पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत विचारून बघा, सोबत जमिनीची धारणक्षमताही काढून घ्या.

वांग्याचं_भरीत
रॉकेल आणायचं कुठून ते पण लिहा. रेशनवर मिळायचा जमाना गेला.

पांझरा_मुरूम
प्रयोगशाळेत असतं. तुम्ही फक्त माती न्या, पिशवीत बांधून.

तापी_गाळ
मुरूम पाच-सहा फुटांत लागला तर पाया थेट मुरमात न्या, विषय संपला. लागला नाही तर दोन वाटा. एक म्हणजे अंडर-रीम्ड पाईल, खाली फुगवलेला काँक्रीटचा खांब: ३०० मिमी व्यासाची, किमान साडेतीन मीटर खोल, खाली अडीच पट म्हणजे ७५० मिमीचा फुगा. वर पाईल जोडणारा ग्रेड बीम, आणि बीमच्या खाली ७५-८० मिमी पोकळी. माती फुगून वर आली तर तिला जागा पाहिजे, नाहीतर ती बीमच उचलते. ही पोकळी मिस्तरी हमखास बुजवतो, त्याला ते काम अर्धवट दिसतं. दुसरी वाट म्हणजे फुटिंगखालची काळी माती काढून तिथे न फुगणारा मुरूम थराथराने दाबायचा. किती जाडीचा थर ते इंजिनिअर ठरवेल.

कुठलीही वाट घ्या, जोत्याच्या भरावात खोदलेली काळी माती परत टाकू नका. ती फुकट असते आणि तिथेच पडलेली असते, म्हणून सगळे टाकतात आणि मग फरशी पोटासारखी फुगते. मुरूम १५०-२०० मिमीच्या थरात, पाणी मारून, धुम्मसाने दाबून. आणि घराभोवती किमान एक मीटर रुंदीची, बाहेर उतार असलेली पट्टी. काळ्या मातीत भिंत फाटते ती मातीचा ओलावा बदलल्यामुळे. तो बदल पायापर्यंत जाऊ दिला नाही की अर्धी लढाई जिंकली.

धाबेकर
जरा फाटा फोडतो. जुनं घर धाब्याचं असेल त्यांनी वरचं वाचून उत्साहात येऊ नये. लाकडी खांब, तुळया, कड्या आणि वर खारी माती, यात भिंत नुसती आडोसा असते, भार खांबांवर. दर काही वर्षांनी नवी माती चढवत गेल्याने वर आधीच जाड थर साचलेला असतो. अशा घराच्या भिंतीवर नव्या स्लॅबचं एक टोकसुद्धा टेकवायचं नाही. पूर्ण सुटं बांधायचं आणि धाब्याचं पाणी नव्या भिंतीच्या फटीत पडणार नाही असं पन्हाळ आधी वळवायचं.

सळई_बारा
@धाबेकर, नेमकं. आणि बोरीकाठ यांच्या विटांच्या घरालाही तेच लागू. जुन्या भिंतीवर नवा स्लॅब टेकवून दोन कॉलम वाचवायचा मोह होतो. जुनं घर गेल्या तीस वर्षांत बसायचं तेवढं बसलंय. नवं आत्ता बसायला सुरुवात करणार. दोन्ही एकात एक गुंतवली की सांध्यावर तिरकी भेग ठरलेली.

अर्धी_वीट
इथे मी असहमत. जुन्या भिंतीला दर तीन थरांनी दात पाडून नवी भिंत गुंतवली, नाहीतर १२ ची सळई ड्रिल करून केमिकल टाकून बसवली, की घर एकजीव होतं. सुटं ठेवलं तर फटीतून पाणी, पाली, झुरळं. गिऱ्हाईक वर्षभर शिव्या घालतं.

सळई_बारा
@अर्धी_वीट, केमिकल अँकर काँक्रीटमध्ये. १२ च्या सळईला १६ चं भोक, ब्रश आणि हवेने तीन-चार वेळा साफ, मग केमिकल, खोली डिझाइनप्रमाणे. १९९६ च्या विटेत तो टिकतो पण वीट टिकत नाही. सळई विटेसकट बाहेर येते. समोर आरसीसी फ्रेमचं घर असतं तर तुमच्याशी वाद घातला नसता.

फटीचं म्हणाल तर ती करायची पद्धत आहे. दोन भिंतींत २५ मिमीचा थर्माकोल बांधकाम करतानाच उभा ठेवायचा. बाहेरच्या तोंडाला १५-२० मिमी खोल थर्माकोल खरवडून फोमची दोरी आणि पॉलिसल्फाइड सीलंट. आतून अॅल्युमिनियमची पट्टी, पण स्क्रू एकाच बाजूला. दोन्ही बाजूंना मारले की पट्टी वाकते. वर स्लॅबवर फटीच्या दोन्ही अंगांना १५० मिमी उंचीची कड आणि त्यावर पत्र्याची टोपी, तीही एकाच बाजूला पक्की. जमिनीवर फरशी फटीवरून पुढे न्यायची नाही, नेमका उंबरठा तिथे आणायचा. एवढं केलं तर पाल येईल, पाणी येणार नाही.

अर्धी_वीट
विटेपुरतं मान्य. पण मग फटीकडचे कॉलम जुन्या पायावर येतात त्याचं काय?

तापी_गाळ
हाच खरा प्रश्न, आणि मिस्तरीच्या मापात याचं उत्तर नसतं. जुना पाया भिंतीच्या बाहेर फूट-दीड फूट आलेला असतो. नवा कॉलम भिंतीला चिकटवला की फुटिंग कॉलमच्या मधोमध येत नाही, एका बाजूला जातं. एकतर्फी फुटिंग कलतं आणि कॉलमला पिळतं. उपाय दोन. कॉलम जुन्या भिंतीपासून तीन-चार फूट आत घ्यायचा आणि बीम-स्लॅब भिंतीपर्यंत कॅन्टिलिव्हर (टोकाला आधार नसलेला) सोडायचा. किंवा कडेचं फुटिंग पलीकडच्या फुटिंगला स्ट्रॅप बीमने बांधायचं. १२ बाय १४ च्या खोलीत पहिला उपाय सोपा, पण कॉलम खोलीत दिसतो. तिथे कपाट काढा.

नवं फुटिंग जुन्यापेक्षा खोल जाणार असेल तर आयएस (भारतीय मानक) १९०४ चा दंडक आहे: दोन पायांच्या कडा जोडणारी रेषा एक उभं दोन आडवं यापेक्षा तीव्र नको. म्हणजे नवा पाया जुन्यापेक्षा दोन फूट खोल गेला तर चार फूट लांब ठेवायचा. ते जमत नसेल तर भिंतीकडेचं खोदकाम सलग न करता चार-चार फुटांचे तुकडे, एक सोडून एक. जूनमध्ये तर नकोच. खोदकाम ते प्लिंथ बीम हे मेच्या अखेरीपर्यंत उरका, नाहीतर दिवाळीनंतर धरा.

सातपुडा_वारा
भाराचा हिशेब कुणीच दिला नाही म्हणून ढोबळ देते. खोली १२ बाय १४, चार कॉलम धरले तर एका कॉलमच्या वाट्याला स्लॅबचा सुमारे ३.९ चौ.मी. भाग. १२५ मिमी स्लॅब, फिनिशिंग आणि २०० किलोचा वापराचा भार धरून चौ.मी.ला साधारण ६६० किलो, म्हणजे अडीच टन. आता भिंत. ९ इंची विटेची ३ मीटर उंच भिंत धावत्या मीटरला १३०० किलो. एका कॉलमकडे चारएक मीटर भिंत, म्हणजे सव्वापाच टन. स्लॅबच्या दुप्पट! बीम-कॉलम दीड टन. एकूण मजल्याला नऊ टनांच्या आसपास. त्याच जागी १५० मिमीचे एएसी ब्लॉक (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे) घेतले तर प्लॅस्टरसकट भिंत पावणेदोन टनांवर येते आणि एकूण पावणेसहा.

दोन मजल्यांचा फरक कॉलममागे सहा-सात टनांचा. काळ्या मातीत हा फरक म्हणजे फुटिंगचा आकारच. ब्लॉकच्या भावाची विटेशी तुलना करताना फुटिंगमधलं काँक्रीट आणि सळई त्यात धरा. नुसता नगाचा भाव बघू नका.

धुळेकर_वीट
ताई, ब्लॉकला खिळा धरत नाही. शोकेस, गीझर, टीव्ही लटकवायचा कुठे?

सातपुडा_वारा
नायलॉनचा ब्लॉक-प्लग मिळतो. गीझरसाठी मात्र त्या जागी दोन थर काँक्रीटचे भरून घ्या, आधीच. आणि जुन्या विटेची भिंत आणि ब्लॉक एका प्लॅस्टरखाली आणू नका, तुमच्याकडे तर मधे फट आहेच.

आणखी एक. @धुळेकर_वीट यांचा ९ बाय १२ चा कॉलम. २०१६ च्या आयएस १८९३ च्या नकाशात खानदेश भूकंप क्षेत्र तीनमध्ये आहे. त्याला लागू होणाऱ्या आयएस १३९२० मध्ये कॉलमची सगळ्यात लहान बाजू ३०० मिमी, आणि बीमची सळई १६ ची असेल तर तिच्या वीसपट, म्हणजे ३२०. भिंतीतून तीन इंच बाहेर दिसेल. दिसू दे.

रिंगचे हूक ९० अंशात नको, १३५ अंशात आत वळलेले, टोक किमान ६५ मिमी. कॉलमच्या सळयांचा जोड स्लॅबच्या लगेच वर न देता उंचीच्या मधल्या भागात. ही दोन वाक्यं ड्रॉइंगवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

केळीचा_खांब
भो, मिस्तरी बी शे, इंजिनेर बी शे, ड्रॉइंग कोठे शे? मोटरसायकलनी डिक्कीमा!

पांझरा_मुरूम
म्हणून लॅमिनेट करून सिमेंटच्या खोलीत टांगा. एक प्रत मालकाकडे.

तराजू_काटा
ठेक्याच्या कागदाबद्दल कुणी बोललं नाही. बोरीकाठ, "चौरस फूट" म्हणजे कुठला चौरस फूट ते आधी लिहा. आतून १२ बाय १४ म्हणजे १६८. ९ इंची भिंती धरून बाहेरून-बाहेर साडेतेरा बाय साडेपंधरा म्हणजे २०९. फरक जवळपास पाव हिस्स्याचा आणि भांडणं इथेच होतात. वर छज्जा, पायऱ्या, पाण्याची टाकी, संडासाचा खड्डा यांचा दर वेगळा की त्यातच, तेही लिहा. लेबर रेट असेल तर खोदाई, मुरूम भराई, पाणी मारणं आणि सेंटरिंगचं भाडं कुणाकडे? पाणी मारणं न लिहिता सुटलं की ते कुणाचंच नसतं.

सामानाचा अंदाज: स्लॅब २०९ चौ.फूट, १२५ मिमी जाडी, म्हणजे २.४ घनमीटर. १:१.५:३ (सिमेंट:वाळू:खडी) ने सिमेंट २० गोण्या, वाळू ०.३६ ब्रास, खडी ०.७२ ब्रास. सळई घनमीटरला ८० किलो धरून १९५ किलो. बीम वेगळे.

सळई मोजून घ्या. व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला किलो. १२ ची १२ मीटर सळई १०.६६ किलो भरली पाहिजे. १० च्या पुढे १६ पर्यंत पाच टक्के कमी-जास्त चालतं, ८ आणि १० ला सात. त्याहून हलकी आली तर परत.

मिक्सर_तिरका
कागदावर एम२५ (काँक्रीटच्या मजबुतीची प्रत) लिहून पुढे कंसात १:१:२ लिहितात, ते खोडा. घमेल्याच्या मापाचं मिश्रण आयएस ४५६ प्रमाणे एम२० पर्यंतच. एम२५ हवं तर प्रयोगशाळेतून मिक्स डिझाइन. खोली-दोन खोल्यांना एम२० नीट केलं तरी भरपूर. नीट म्हणजे पाणी मोजून. गोणीला ३५ लिटरच्या वर जाऊ देऊ नका.

सळई_बारा
@मिक्सर_तिरका, ३५ नाही. एम२० ला ५० किलोच्या गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही त्यातच धरायचं. ३४ हा आकडा त्याच तक्त्यात आहे, पण एम१० पुढे.

मिक्सर_तिरका
बरोबर, चुकून दुसरीच ओळ वाचली. ३० धरा.

पाण्याची परीक्षाही करा. पूर्णा नदीच्या पट्ट्यात काही ठिकाणी बोअरचं पाणी खारट लागतं. आरसीसीला क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत, पीएच ६ च्या खाली नको. पिताना खारट लागणारं पाणी स्लॅबला नकोच, टँकर मागवा. वाळूला काचेच्या बरणीची परीक्षा: अर्धी बरणी वाळू, वर पाणी आणि चिमूटभर मीठ, हलवून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या आठ टक्क्यांहून जाड दिसला की ट्रॅक्टर परत पाठवा.

वांग्याचं_भरीत
स्लॅबच्या दिवशी मजुरांना भरीत-पुरी कुणाकडून, हे पण ठेक्यात लिहा. याच्यावरूनही भांडणं होतात.

तराजू_काटा
ते मालकाकडे. याच्यावर वाद नाही.

मिक्सर_तिरका
पण मे महिन्यात दुपारी जेवण घालून मग स्लॅब भरू नका. आपल्याकडे पारा ४३-४५ ला जातो. काँक्रीट ओतताना त्याचं स्वतःचं तापमान ४० च्या वर नको. खडीवर आदल्या दिवसापासून पाणी मारा, सेंटरिंगचे पत्रे भिजवा, काम संध्याकाळी पाचला सुरू करून रात्री उरका. गुळगुळीत केल्यावर लगेच ओलं पोतं टाका, नाहीतर तासाभरात केसासारख्या भेगा पडतात. दुसऱ्या दिवशी आळी करून पाणी साठवा. कोरड्या उन्हाळ्यात साध्या सिमेंटला किमान १० दिवस, पीपीसीला (पोझोलाना मिसळलेल्या सिमेंटला) १४. सेंटरिंगचे टेकू साडेचार मीटरच्या आतल्या स्लॅबला ७ दिवस, बीमला सहा मीटरपर्यंत १४, आणि पीपीसी असेल तर त्याहून जास्त. मिस्तरीला पत्रे पुढच्या साइटवर न्यायची घाई असते, म्हणून हे दिवस कागदावर पाहिजेत.

काळा_चष्मा
परवानगीचं विसरलात सगळे. २०२० च्या राज्याच्या एकत्रीकृत बांधकाम नियमावलीत १५० चौ.मी.पर्यंतचे आणि १५० ते ३०० चौ.मी.चे प्लॉट यांना सोपी वाट आहे. २०० चौ.मी. दुसऱ्या गटात बसतं. परवानाधारकाने पडताळून दिलेल्या प्रस्तावावर दहा दिवसांत परवानगीची तरतूद आहे. मात्र जुन्या घराचा मंजूर नकाशा, मिळकत पत्रिका किंवा सातबारा आणि बिनशेतीचा आदेश पाहिजे. मागचं अंगण मोकळं दिसतं पण तेच तुमचं मागचं मार्जिन असू शकतं. ठेकेदाराला बयाणा देण्याआधी मार्जिन तपासा. संडास छोटा आहे म्हणून मार्जिनमध्ये चालतो, असं नाही.

बोरीकाठ
सगळ्यांचे आभार. खड्डा घेतला. जुना पाया साडेतीन फूट, दगड-मातीचा, भिंतीबाहेर नऊ इंच आलेला. दुसऱ्या टोकाच्या खड्ड्यात सहा फुटांवर पिवळा मुरूम लागला. मागचं मार्जिन सुटून खोली बसते. स्ट्रक्चरल इंजिनिअरने भिंतीकडचे कॉलम आत घ्यायला आणि एएसी ब्लॉक वापरायला सांगितलं.

दोन गोष्टी राहिल्या. जुन्या भिंतीत नव्या खोलीचं दार पाडायचं आहे. आणि जुनी सेप्टिक टाकी व शोषखड्डा नेमके मागच्या अंगणात, नव्या खोलीच्या एका कोपऱ्याखाली येत आहेत. टाकीचं झाकण पक्कं आहे. त्यावरून प्लिंथ बीम नेला तर?

तापी_गाळ
हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं!

टाकीवरून बीम नको. आधी नवी टाकी दुसरीकडे बांधून लाइन तिकडे वळवा. मग जुनी टाकी सक्शन गाडीने रिकामी करा. माणूस आत उतरवायचा नाही, आतला वायू जीव घेतो आणि २०१३ च्या कायद्याने ते बंदही आहे. झाकण उघडून हवा खेळू द्या, तळाला बाहेरूनच भोकं पाडा म्हणजे पाणी साचून राहणार नाही, आणि थराथराने मुरूम भरा. तरी त्या भरावावर फुटिंग नको. त्या कोपऱ्याचा कॉलम सरकवा किंवा फुटिंग टाकीच्या तळाखालच्या मुरमात न्या. इंजिनिअरला आजच फोन करा, त्याचं ड्रॉइंग बदलणार आहे.

शोषखड्ड्याचं तर बरं झालं समजा. काळ्या मातीत पाणी मुरत नाही, ते पायाकडे सरकत राहतं. नवा शोषखड्डा घरापासून २० फूट आणि पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून ६० फूट लांब. प्लॉटमध्ये तेवढी जागा नसेल तर नगरपालिकेची गटार जवळ आहे का ते विचारा.

सळई_बारा
दाराचं: आधी लिंटेल (दारावरचा आडवा पट्टा), मग भोक. वरच्या स्लॅबला दोन्ही बाजूंनी टेकू लावा. भिंतीच्या अर्ध्या जाडीत एका बाजूने खाच पाडून अर्धं लिंटेल भरा, दोन्हीकडे किमान सहा-सहा इंच भिंतीवर टेकलं पाहिजे. ते पक्कं झालं की दुसऱ्या बाजूने उरलेलं अर्धं. दोन्ही पिकल्यावरच खालच्या विटा काढायच्या, वरून खाली, छिन्नीने. ब्रेकर लावू नका, दगड-मातीच्या पायावरची भिंत हादरते. दार भिंतीच्या कोपऱ्यापासून दोन फूट तरी लांब ठेवा.

बोरीकाठ
इंजिनिअरशी बोललो. कोपऱ्याचा कॉलम दोन फूट सरकतोय, बाथरूम दुसऱ्या अंगाला जातंय. सुधारित ड्रॉइंग शुक्रवारी मिळेल, मिळालं की सांध्याचा छेद इथे टाकतो.

केळीचा_खांब
टाका. आणि डिक्कीची किल्ली मिस्तरीकडे देऊ नका.